हुमणीचा पंचनामा

हुमणीला मेथी आवडते हे अनंतरावांना कळलं तेव्हा मेथी संपली होती. मिरची तरी ती खाणार नाही, तिखट वस्तू आहे, असा त्यांनी कयास बांधला. आठ दिवसांत मिरचीच्या रोपांनी माना टाकल्या. वांग्यांवर तर हुमणीनं असा हात मारला की वांगी तिच्याच नावानं लावली होती असं वाटावं. ज्यांना हुमणी ठाऊक नाही ते सुखी लोक आहेत, पण त्यांच्यासाठी सांगतो. ही जमिनीत राहणारी, पांढरीफट, बोटाएवढी जाड, अंग मुडपून झोपलेली अळी. वरून काही दिसत नाही. ती खाली निवांत मुळं खाते आणि वर झाड चार दिवस हिरवंगार हसत उभं असतं.

हे सगळं संग्रामपुराहून सातपुड्याच्या अंगानं निघालं की लागणाऱ्या एका गावात घडलं. गावाचं नाव सांगत नाही, कारण या गोष्टीत एक गुन्हा आहे.

अनंतराव चौतीस वर्षं तलाठी होते. खरं म्हणजे शेवटची दोन वर्षं मंडळ अधिकारी होते, पण गाव त्यांना तलाठी साहेबच म्हणे, आणि दर वेळी त्यांच्या कपाळावर एक बारीक आठी उमटे. पुढं सरकारनं तलाठी हे नावच बदलून ग्राम महसूल अधिकारी केलं. म्हणजे बढती कुणी मानली नाही ती नाहीच, जे मानत होते ते पदही गेलं. माणसानं जावं कुठं?

निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी सुलभाताईंनी चहाचा कप पुढं ठेवून एक वाक्य टाकलं होतं. "चौतीस वर्षं लोकांची पिकं लिहिलीत. आता एखादं आपल्या नावावर लिहून दाखवा." घरामागं पाच गुंठे जमीन होती, अनंतरावांच्या नावावर, स्वतंत्र सातबारा असलेली. त्या सातबाऱ्यावर पिकाच्या रकान्यात वर्षानुवर्षं एकच शब्द होता, 'पड', म्हणजे जमीन रिकामी. तो शब्द अनंतरावांनी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात स्वतःच लिहिलेला होता. यंदा तो काढायचा आणि तिथं पिकाचं नाव लावायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. दुसऱ्या कुणाला ती क्षुल्लक वाटेल. ज्यानं आयुष्यभर रकाने भरले त्याला विचारा.

आता मेथी, मिरची, वांगी गेल्यावर त्या पाच गुंठ्यांत उरलं होतं एक झाड. कडुनिंबाच्या बुडाशी ते आपोआप उगवलं होतं. बोटं पसरल्यासारखी कातरलेली पानं, सरळ वाढ, आणि हात लावला की एक उग्र वास. अनंतरावांनी ते लावलेलं नव्हतं, पण तण म्हणून उपटावं इतकं ते गरीबही दिसत नव्हतं. ते होतं काय, याचं त्यांना मोठं कुतूहल वाटू लागलं. सकाळी उठून ते आधी त्याची उंची मोजायचे आणि मग तोंड धुवायचे.

तुम्ही म्हणाल, चौतीस वर्षांच्या तलाठ्याला झाड ओळखू येऊ नये? इथंच तर गंमत आहे. अनंतरावांना पीक कागदावर ओळखू यायचं. तूर, मूग, उडीद, ज्वारी, सगळ्यांचे सांकेतिक क्रमांक त्यांना झोपेत पाठ होते. वावरात मात्र ते धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे राहायचे, कोतवालाला विचारायचे, "हे काय रे?" आणि तो सांगेल ते लिहायचे. इस्तरीची पँट घालून चिखलात कोण उतरणार?

झाडाची कीर्ती गावभर झाली. याआधी अनंतरावांकडं माणूस उत्पन्नाच्या दाखल्याची चौकशी करायलाच यायचा. आता रोज दोन-तीन जण परसात डोकावू लागले. झाडाकडं बघायचे, अनंतरावांकडं बघायचे, गालातल्या गालात काहीतरी करायचे आणि म्हणायचे, "मस्त आलं साहेब." अनंतरावांचा ऊर भरून यायचा. आपल्याला शेती साधली, असं त्यांना वाटायचं.

शेजारचा कडूबा तर सकाळ-संध्याकाळ यायचा. साठीचा, काटक गडी, आयुष्यभर वावरात गेलेला. धुऱ्याला धुरा लागून त्याचं दोन एकर होतं.

"साहेब, हे नर हाये का मादी?" कडूबानं एकदा गंभीर चेहऱ्यानं विचारलं.

"झाडात असतं का असं?"

"याच्यात राह्यते."

अनंतरावांनी वहीत लिहून ठेवलं, 'लिंग: अनिश्चित.'

"पण कडूबा, या झाडाचं नाव काय?"

कडूबानं निंबाकडं पाहिलं, आभाळाकडं पाहिलं. "आता तुमाले म्या काय सांगू साहेब. तुमी एवढे मोठे अधिकारी. तुमी सांगसान ते नाव." आणि मग जाताजाता, "पण हुमणीपासून जपजा. हुमणी वरून दिसत नाही, साहेब. वाकून पाहा लागते." हे वाक्य कडूबा त्यांना पूर्वीही एकदा म्हणाला होता. ते केव्हा, ते येईलच पुढं.

तर आता लढाई झाडासाठी. सगळं गेलं, हे एक वाचलं पाहिजे. गावात सल्ला देणाऱ्यांना तोटा नव्हताच. समोरच्या सत्यभामाबाईंनी चुलीची राख टाकायला सांगितली. अनंतरावांनी तीन घमेली टाकली, वारा सुटला, आणि ती सगळी सुलभाताईंच्या वाळत घातलेल्या पापडांवर गेली. कुणी म्हणालं तंबाखूचं पाणी घाला. अनंतरावांना तंबाखूचं व्यसन नाही, पण त्या दिवसापासून पानठेल्यावर त्यांच्याकडं वेगळ्या नजरेनं पाहू लागले. कुणी सांगितलं दिव्याचा सापळा लावा, हुमणीचे भुंगे दिव्यावर येतात. दिवेलागणीला निंबावर मोठा बल्ब लावला आणि खाली रॉकेलच्या पाण्याची बादली ठेवली. भुंगे जूनमध्ये येतात आणि तेव्हा ऑगस्ट होता. भुंग्यांऐवजी सात-आठ म्हातारे सतरंजी घेऊन आले आणि भजन केव्हा सुरू होणार म्हणून विचारू लागले. सुलभाताईंनी बिचाऱ्यांना चहा दिला.

कडूबानं आपल्या कोंबड्या सोडायला सांगितल्या, कारण कोंबडी अळ्या वेचून खाते. खाते, हे खरं आहे. कोंबड्यांनी दोन अळ्या खाल्ल्या आणि मग उरलेला दिवस सुलभाताईंच्या स्वयंपाकघरात काढला. या घरात तीन पिढ्यांत कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात येत नव्हता, आणि संध्याकाळी देव्हाऱ्याच्या खाली एक अंडं निघालं.

"याचीही नोंद करा," सुलभाताई म्हणाल्या, आणि दोन दिवस बोलल्या नाहीत.

शेवटी अनंतरावांनी स्वतः कुदळ घेतली. झाडाभोवती गोल खणून अळ्या वेचायच्या, असा बेत होता. तिसऱ्याच घावाला ग्रामपंचायतीच्या नळाचा पाइप फुटला. अर्ध्या आळीचं पाणी गेलं आणि लोक घागरी घेऊन त्यांच्याच परसात आले. अपमान कसला म्हणायचा तर तो असा, की शिव्या द्यायला आलेले लोकही झाडाकडं पाहून गप्प झाले आणि "साहेब, पाणी मात्र भरपूर लागते याले," असं म्हणून निघून गेले.

पण झाड वाढलं हो. माणसाच्या छातीएवढं झालं. आणि ई-पीक पाहणीचे दिवस आले.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी, आता पिकाची नोंद तलाठी करत नाही. शेतकऱ्यानं आपल्या मोबाइलवर आपली नोंद करायची, वावरात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, मग जागा कुठली तेही त्यात उमटतं. अनंतरावांनी त्या दिवशी इस्तरीचा सदरा घातला. झाडाशेजारी उभे राहिले. ॲपमध्ये पिकांची यादी वरपासून खालपर्यंत तीनदा वाचली आणि शेवटी 'इतर औषधी वनस्पती' निवडलं, कारण वास औषधासारखा होता. क्षेत्र लिहिलं. फोटो काढला, झाड नीट चौकटीत बसेल असा. खाली स्वयंघोषणा होती, 'वरील माहिती खरी आहे.' त्यावर त्यांनी टिचकी मारली. इतकं समाधान त्यांना लग्नात झालं नव्हतं, असं सुलभाताईंचं मत आहे.

आठवड्यानं झाडाची खालची पानं पिवळी पडली. हुमणी, दुसरं काय. अनंतरावांनी एक अळी बरणीत घातली, त्यावर 'नमुना क्र. १' अशी चिठ्ठी लावली, झाडाची एक फांदी रुमालात गुंडाळली आणि तालुक्याला कृषी कार्यालयात गेले. तिथं हिमानी मॅडम नावाची नवीन कृषी अधिकारी होती, पंचविशीची, चटपटीत पोर.

"हुमणीच आहे, काका," ती बरणी पाहून म्हणाली. "आता ही मोठी झाली, आटोपत नाही लवकर. पीक कोणतं?"

अनंतरावांनी रुमाल उलगडला.

हिमानी मॅडमनं फांदी पाहिली. उठून दार लावलं. परत येऊन बसली.

"काका, हे कुणी पाह्यलंय?"

"सगळ्या गावानं," अनंतराव अभिमानानं म्हणाले. "लोक मुद्दाम पाहायला येतात."

"हा गांजा आहे."

टेबलावरच्या बरणीत अळीनं कूस बदलली. अनंतरावांना त्या वेळी आठवलं ते हे, की मागच्या थंडीत एक बैरागी निंबाखाली दोन दिवस मुक्कामाला होता, आणि सुलभाताईंनी त्याला पिठलं-भाकरी वाढली होती. त्यानं जाताना झोळी तिथंच झटकली होती.

"लावला असेल तर गुन्हा आहे हो, काका. एक झाड असलं तरी."

"पण मी तर नोंद केली आहे," अनंतराव म्हणाले. "फोटोसकट. सरकारदरबारी."

हिमानी मॅडमनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. नंतर तिनं त्यांना पाणी दिलं आणि अळीची बरणी मात्र ठेवून घेतली, चांगला नमुना आहे म्हणाली.

परतीच्या एसटीत अनंतरावांना गुन्ह्यापेक्षा दुसरंच लागत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं. सत्यभामाबाईंना, घागरीवाल्यांना, भजनवाल्या म्हाताऱ्यांना. फक्त ज्याच्या नावावर सातबारा त्याला माहीत नव्हतं. माणसाला चोर म्हटलं तर तो भांडू शकतो, खुळा ठरल्यावर काय करणार? अनंतरावांना त्या दिवशी फार वाईट वाटलं, आणि ते कुणाला सांगण्यासारखंही नव्हतं.

गावचा नवा महसूल अधिकारी ऋत्विक. गुणी मुलगा, अनंतरावांना सर म्हणायचा. त्यांनी त्याला सगळं सांगितलं.

"सर, नोंद दुरुस्त करायले अठ्ठेचाळीस तास असतात. ते गेले," ऋत्विक म्हणाला. "आता मी जागेवर येऊन पडताळणी करणार, तेव्हाच बदल. पण सोपं आहे ना. फोटोत पान दिसते अंबाडीसारखं. मी अंबाडी लिहून टाकतो. कोणाच्या बापाले कळणार नाही."

खरंच आहे, अंबाडीचं पान तसंच असतं. एक शब्द, आणि सगळं मिटलं असतं. पेन्शन शाबूत, अब्रू शाबूत, वर 'पड' जाऊन पिकाचं नाव. 

"ऋत्विक, वावरात नाही ते पीक मी कधी लिहिलं नाही," अनंतराव म्हणाले. "खरं ते लिही."

"मग पोलीस आलेच, सर."

"येऊ देत. मीच सांगतो."

जमादार तुळशीराम यांना ही बातमी बिलकूल आवडली नाही. "साहेब, उपटून फेका ना बापा. मले काऊन सांगून राह्यले?" ते कळवळून म्हणाले. "एका झाडापायी किती कागद लागतात, मालूम हाये का तुमाले?" अनंतरावांना मालूम होतं. कागद त्यांना मालूम नव्हते तर कुणाला? त्यांनी समजावलं, की दप्तरात पीक उभं आहे. पडताळणीआधी उपटलं तर पुरावा नष्ट केला असं होईल आणि ठेवलं तर लागवड केली असं होईल. जमादारांनी टोपी काढून पुन्हा घातली. गुरुवारी ऋत्विकबरोबर येतो म्हणाले.

गुरुवारला दोन दिवस होते. आता काय करावं? अनंतरावांच्या मनात जे आलं ते कुठल्याही शेतकऱ्याच्या मनात कधी आलं नसेल. ते डबा घेऊन कडूबाकडं गेले.

"कडूबा, हुमणी आहे का?"

"यंदा लय हाये साहेब, सारा भुईमूग खाऊन राह्यली. काऊन?"

"थोडी दे."

कडूबानं एकही प्रश्न न विचारता डबाभर अळ्या काढून दिल्या. अनंतरावांनी त्या झाडाच्या बुडाशी सोडल्या आणि हात जोडून म्हणाले, "आता तुमच्यावर आहे." सत्यभामाबाईंनी हे पाहिलं. तेव्हापासून गावात असं बोललं जाऊ लागलं, की तलाठी साहेबांनी त्या झाडाचं थोडंसं सेवन केलेलं दिसतं.

आणि दुसऱ्या दिवशी झाड टवटवीत. अळ्या सोडायला माती उकरली होती, ती भुसभुशीत झाली, त्यात पावसाची सर पडून गेली, पिवळी पानं गळून वर नवी पालवी. महिनाभर जपलं तेव्हा रुसलं होतं, आणि मरू दे म्हटल्यावर बहरलं. सुलभाताई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "तुमच्या हाताला गुण आहे हो." त्यांनी हे कौतुकानं म्हटलं की कसं, ते कळलं नाही, पण त्यांचे डोळे भरले होते. रात्रभर त्याही जाग्याच होत्या. चौतीस वर्षांत या माणसाच्या सर्व्हिस बुकात एक शेरा नव्हता, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक?

गुरुवारी सकाळी ऋत्विक आला, जमादार आले, आणि पंच म्हणून कडूबाला बोलावलं. बाकी गाव कुंपणाबाहेर होतं, ते काही बोलवावं लागलं नाही. ऋत्विक बांधावर उभा राहिला. त्याचेही बूट नवे होते. तिथूनच त्यानं झाड पाहिलं आणि मोबाइलवर लिहायला लागला, मोठ्यानं वाचत, "गांजा, झाड एक, उभे, हिरवे. कीडनुकसान निरंक."

उभे, हिरवे.  हे दोन शब्द अनंतरावांच्या ओळखीचे होते. असेच बांधावर उभं राहून त्यांनीच एकदा लिहिले होते. दोन हजार नऊ साल, कडूबाचं वावर, हुमणीचा पंचनामा. 'पीक उभे, हिरवे. नुकसान वीस टक्के.' कडूबा तेव्हा म्हणाला होता, हुमणी वरून दिसत नाही साहेब, वाकून पाहा लागते. ते वाकले नव्हते. आठ दिवसांत ते वावर उताणं पडलं, आणि वीस टक्क्यांना भरपाई बसत नाही म्हणून कडूबाचं नाव यादीत आलं नाही. आज तोच कडूबा पंच होता. अनंतरावांनी मान खाली घातली. जे होईल ते आपल्या कर्मानं, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

"थांबा, बाबू," कडूबा ऋत्विकला म्हणाला. "म्या पंच हावो ना? मले पाहू तं द्या."

तो परसात उतरला, झाडाशी टोंगळ्यावर, म्हणजे गुडघ्यावर, बसला, आणि दोन बोटांनी बुंधा धरून हलकेच वर ओढला. झाड अलगद हातात आलं. खाली मूळ नव्हतंच. एक कुरतडलेला खुंट, दोन तंतू, आणि मातीत पाच जाडजूड हुमण्या.

"ह्या तुमी सोडलेल्या नाहीत साहेब. ह्या जुन्या हाये, पयल्यापासूनच्या," कडूबा म्हणाला. मग ऋत्विककडं वळला. "मूळ नाही त्याले उभं म्हनत नाहीत. लिहा, शंभर टक्के नष्ट."

जमादारांचा चेहरा उजळला. ज्याला मूळ नाही त्याची लागवड कसली, असं ते दोनदा म्हणाले. अनंतरावांचा जबाब झाला, बैराग्यासकट. 'आपोआप उगवलेले, अजाणतेपणी जोपासलेले' हे शब्द त्यांनी स्वतः सुचवले, 'जोपासलेले' वर तर अडून बसले. झाड गोणपाटात गुंडाळून, कागदासह, जमादार घेऊन गेले. समज देऊन प्रकरण मिटलं.

कुंपण मोकळं झाल्यावर अनंतराव कडूबाजवळ गेले.

"कडूबा, तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"हाव."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मले पाह्यचं होतं साहेब, तुमी कधी वाकता."

"नवाच्या साली मी तुझ्या वावरात..."

"राहू द्या ना बापा. तवा तुमची पँट लय मस्त होती," कडूबा म्हणाला आणि हात झटकत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी ऋत्विककडं गावातल्या हुमणीच्या पंचनाम्यांची यादी होती. तिसरं नाव कडूबाचं. ऋत्विक धुऱ्यावर पोचला तेव्हा भुईमुगाच्या मधोमध कुणीतरी टोंगळ्यावर बसलेलं दिसलं. इस्तरीची पँट मांडीपर्यंत चिखलात. एकेक झाड धरून ओढत होतं आणि ओरडत होतं, "हे गेलं, लिही. हेही गेलं. अरे तिथून काय पाहतोस, खाली ये."

संध्याकाळी सुलभाताईंनी ती पँट बादलीत टाकली. अनंतराव ओट्यावर मोबाइल घेऊन बसले होते, आपला सातबारा उघडून.

"काय लागलं शेवटी?" सुलभाताईंनी विचारलं.

"पड."

 सुलभाताई साबण चोळत म्हणाल्या, "म्हणजे यंदाही तेच."

"तेच कसं," अनंतराव म्हणाले. "यंदाची पड मी खाली बसून पाहिली आहे."